मशीननं दोन घेतलं कसं?

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — खरं सांगू? — तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे सांगायची हिंमत माझ्यात नाही, तेवढं आधीच मान्य करून टाकते. मग पुढचं जरा सोपं जाईल. जाईल ना?

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमची कंपनी लहान आहे, सिडकोत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शेंद्रा, चिकलठाणा, वाळूज — इकडच्या कारखान्यांना मशीन चालवायचे प्रोग्राम आम्ही करून देतो. तिथं माझं नाव आहे ते कडक म्हणून. नवीन मुलं-मुली कामाला लागली, की पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारते, "तुझ्या प्रोग्राममध्ये कुणी चुकीचा आकडा पाठवला, तर तो काय करतो?" उत्तर आलं, की म्हणते, "दाखव करून. आणि आत यायचे जितके रस्ते आहेत, तितक्या सगळ्या रस्त्यांनी दाखव." मुलं वैतागतात. माझ्या माघारी मला 'वॉचमनबाई' म्हणतात. मला माहीत आहे. साहेब पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगतात, की आमच्या मॅडमच्या हाताखालून चूक सुटत नाही. अशा वेळी मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

शेंद्र्याला रबरी पाइप करणारा एक कारखाना आहे. नाव नाही सांगत. तिथं एक आडवी लोखंडी टाकी आहे, आत माणूस उभा राहील एवढी मोठी. कच्च्या पाइपांची ट्रॉली आत ढकलायची, गोल दार लावायचं, वाफ सोडायची. पाइप शिजले, की वाफ बाहेर काढायची आणि टाकी थंड होऊ द्यायची. निदान वीस मिनिटं. वीसच्या आत दार उघडायचं नाही. उघडलं तर — थांबा, ते येईलच पुढे. मला अजून तिथपर्यंत पोचायचं नाहीये.

ती टाकी चालवायचे रफिकभाई. चाळिशी उलटलेला, सडपातळ, बोलता बोलता हसणारा माणूस. आणि त्यांच्या जोडीला लताबाई. शेंद्र्याच्याच. अंगानं दणकट, आवाज खणखणीत. दोघं बरीच वर्षं एकाच पाळीत. ईदचा शीरखुर्मा तिच्या घरी जायचा, आणि आंबेडकर जयंतीला हे तिच्या गल्लीत मिरवणुकीच्या पुढं नाचायचे, असं तीच मला हसत हसत सांगायची.

त्यांची एक पद्धत होती. पूर्वी हातानं चाक फिरवून सगळं करायचे, तेव्हापासूनची. आकडा लावला, की रफिकभाई तो मोठ्यांदा पुकारायचे, "बीस!" आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं लावलेला वेळ दाखवणारा काटा असतो तिथं, लताबाई उभी असायची. ती जवाब द्यायची, "वीस!" जवाब आल्याशिवाय रफिकभाई पुढचं बटण दाबत नसत. आणि ह्यात एक नियम होता — जवाब देणाऱ्यानं ऐकलेलं बोलायचं नाही, समोर काट्यावर जे दिसतंय ते वाचायचं. पुकार 'बीस'ची असेल आणि काट्यावर पंधरा असेल, तर तिनं 'पंधरा' म्हणायचं. की काम थांबलं.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा हसले. आमच्या देवगाव रंगारीच्या बाजारात जनावरांचा सौदा चालतो, तसला गोंगाट वाटला मला. मी संगणकवाली बाई. एवढ्या मोठ्या कारखान्यात माणसं अजून ओरडून काम करतात म्हणजे काय? आपण हे बंद करून दाखवू, असं तेव्हाच मनात आलं. कुणीही मला तसं सांगितलं नव्हतं.

आता थोडं माझ्या कामाचं सांगते. कंटाळू नका. हे समजल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही, आणि तो तुम्हाला कळावा असं मला खरोखर वाटतं.

प्रोग्रामात एकेका कामाची एकेक मेथड असते. 'टाकी सुरू कर' ही एक मेथड. तिला माहिती द्यावी लागते — किती उष्णता, किती दाब, थंड व्हायला किती वेळ. ह्या माहितीला पॅरामीटर म्हणतात. माहिती चुकीची असेल तर मेथडनं ती नाकारायची. आमच्याकडे वाघमारे सर होते, आता पुण्याला असतात. ते प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला जुन्या पद्धतीनं तपासण्या लिहायचे. वेळ रिकामा आहे का? वीसपेक्षा कमी आहे का? असेल तर थांब. ओळीमागून ओळी. खरं काम सुरू व्हायच्या आधीच पडदा भरून जायचा. मला ते गबाळं वाटायचं.

मी नवीन पद्धत आणली. पॅरामीटरच्या आधी '@' असं चिन्ह टाकून एक छोटीशी सूचना चिकटवायची. तिला अ‍ॅनोटेशन म्हणतात. 'किमान वीस.' बस. तपासणी आपण लिहायचीच नाही, खालची यंत्रणा ती सूचना वाचून आपोआप तपासते. कोड असा स्वच्छ झाला, की मी उगाचच उघडून बघत बसायचे. वाघमारे सरांच्या सगळ्या ओळी मी काढून टाकल्या. सर म्हणाले, "दोन्ही राहू दे की गं काही दिवस. काय खातंय तुझं?" मी म्हणाले, "सर, एकच गोष्ट दोनदा कशाला तपासायची?" ते चष्मा पुसत बसले.

पण आपोआप म्हणजे कसं? ह्यातच सगळं आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो बघा. बाहेरून येणाऱ्याला तो अडवतो, नाव विचारतो. पण आतल्याच एका बिऱ्हाडातून कुणी शेजारच्या बिऱ्हाडात गेलं, तर वॉचमनला काय पत्ता? तो गेटवर. ह्या तपासणीचंही तसंच असतं. बाहेरून मेथडला हाक मारली, तर हाक गेटवरून जाते, वॉचमन सूचना वाचतो, चुकीचा आकडा परत पाठवतो. पण त्याच क्लासातल्या — त्याच सोसायटीतल्या म्हणा — दुसऱ्या मेथडनं आतल्या आत हाक मारली, तर ती गेटवर येतच नाही. सूचना जागेवर असते. अगदी स्वच्छ अक्षरात. पण ती वाचायला कुणी नसतं.

नवीन सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांना ते चालवून दाखवलं. थंड व्हायचा वेळ 'दोन' टाकला. पडदा लाल. घेत नाही. रफिकभाईंनी स्वतः येऊन शून्य टाकून बघितलं, पाच टाकून बघितलं. लाल. ते लहान मुलासारखे हसले.

"मॅडम, हे तर आमच्या लताबाईपेक्षा कडक निघालं!"

लताबाई पण हसली. मग पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, "मंग ताई, आता म्या वरडायचं नाय का?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी म्हणाले, "आता गरज नाही लताबाई. चुकीचा आकडा मशीन घेणारच नाही."

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. आणि ते मॅनेजरांच्या कानावरही पडलं. एका टाकीला दोन माणसं कशाला, असं म्हणत महिन्याभरात त्यांनी लताबाईला पॅकिंगला पाठवलं. काट्यापाशी कुणी उरलं नाही.

पुढं रफिकभाईंनीच एक बटण मागितलं. रोज तेच तेच आकडे भरायचे, एखादाच बदलायचा, हात दुखतो, म्हणाले. "मागचंच परत चालव, असं एखादं बटण होईल का, मॅडम?" होईल की. एका दुपारी बसून लिहून टाकलं. 'मागचंच' नावाचं बटण. त्याची मेथड मी त्याच क्लासात ठेवली, आणि तिनं आतल्या आत जुन्या मेथडला हाक मारली. म्हणजे बिऱ्हाडातून बिऱ्हाडात. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. हे खरं आहे. गोष्ट इथंच संपली असती तर — चूक झाली, कुणाकडूनही होते, असं म्हणून मी सुटले असते. तुम्हीही मला सोडलं असतं.

इथं मी नेहमी थांबते. मनातल्या मनात हे सांगतानासुद्धा इथंच थांबते. गेली काही वर्षं मी स्वतःला हीच गोष्ट इथपर्यंत सांगत आलेय, आणि इथपर्यंतची गोष्ट बरी वाटते.

पण ती इथं संपत नाही.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका कामासाठी मी तोच प्रोग्राम ऑफिसातल्या मशीनवर चालवत होते. दुपारची वेळ, पंखा फुल्ल, बाहेर टँकरवाला हॉर्न वाजवतोय. सहज, अगदी सहज, मी 'मागचंच' दाबलं आणि वेळ 'दोन' टाकला.

पडदा हिरवा झाला.

मी परत टाकला. हिरवा. एक टाकला. हिरवा. खाली कोडात तर माझ्याच हातची सूचना दिसत होती — किमान वीस. कारण कळायला फार वेळ लागला नाही, पुस्तकात वाचलेलं होतंच ते. आणि दुरुस्ती? दुरुस्ती अगदी लहान. नवीन मेथड उचलून दुसऱ्या क्लासात ठेवायची, म्हणजे हाक गेटवरून येईल. अर्ध्या तासाचं काम.

मग का नाही केलं?

कारण नुसतं लिहून भागत नव्हतं. शेंद्र्याला जावं लागलं असतं, टाकी बंद ठेवावी लागली असती, आणि त्याचं कारण साहेबांना सांगावं लागलं असतं. आणि नेमकं त्याच सुमारास साहेब एका मोठ्या कंपनीच्या माणसांना तो प्रोग्राम दाखवणार होते. 'आमच्या सिस्टिममध्ये चुकीचा आकडा जाऊच शकत नाही' — हे वाक्य त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं. ते काम मिळालं, तर टीम माझ्या हाताखाली येणार होती. आणि वाघमारे सर — सर समोरच्याच टेबलावर बसायचे. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की तुमच्या ओळी राहू द्यायला हव्या होत्या?

मी ठरवलं, ते पाहुणे येऊन जाऊ देत. मग करू.

बरं, दुरुस्ती जाऊ द्या. एक फोन? "रफिकभाई, ते 'मागचंच' बटण थोडे दिवस वापरू नका." एवढं एक वाक्य. कारणसुद्धा सांगायची गरज नव्हती. नाही केला. फोन केला असता तर त्यांनी विचारलं असतं, का हो मॅडम? तेवढ्यासाठी नाही केला. रफिकभाई जुना माणूस, हात बसलेला, तो कशाला चुकीचा आकडा टाकेल — अशी मी स्वतःची समजूत काढली. रोज सकाळी उठलं की पहिला विचार तोच यायचा. रोज मी तो बाजूला सारायचे. पुढं पुढं तो येईनासा झाला. हे जास्त वाईट, नाही का? सवय झाली मला.

पाहुणे आले. खूश होऊन गेले. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला.

त्याच आठवड्यात आम्ही डबा खात असताना साहेब केबिनमधून बाहेर आले. हातात फोन. चेहरा उतरलेला. "शेंद्र्याला टाकीच्या वाफेनं कुणीतरी भाजलंय," म्हणाले. सगळे उठले. कोण, किती, वाचलं का — सगळे हेच विचारत होते. मला मात्र पहिल्यांदा काय विचारावंसं वाटलं, सांगू? कुठलं बटण दाबलं होतं. माणूस कोण, हे नंतर. जिभेवर आलेला प्रश्न मी घासाबरोबर गिळला.

माणूस लताबाई होती.

झालं होतं ते असं. त्या दिवशी लहान पाइप होते, म्हणून रफिकभाईंनी 'मागचंच' दाबून फक्त थंड व्हायचा वेळ बदलला. पंचविसाचा वीस. हातात मोजा, पडदा दमट. दोनावर बोट बसलं, शून्यावर बसलं नाही. मशीननं दोन घेतलं. रफिकभाई दुसऱ्या ट्रॉलीकडं वळले. पूर्वी असतं तर त्यांनी 'बीस' पुकारलं असतं, आणि काट्यापासून जवाब आला असता — 'दोन!' पण पुकार आम्ही बंद केली होती. मी केली होती. माणसं कमी पडत होती म्हणून त्या दिवशी लताबाईला ट्रॉली ओढायला पॅकिंगमधून बोलावलं होतं. वेळ संपला, दाराची कडी आपोआप सुटली, दारावरचा हिरवा दिवा लागला. हिरवा दिवा बघून तिनं दार ओढलं.

उजवा हात कोपरापर्यंत. मान. उजवा गाल. त्या बाजूच्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड कळतो.

चौकशी झाली ती कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत. मॅनेजर, आमचे साहेब, आणखी दोघं-तिघं, आणि मी. रफिकभाई भिंतीशी उभे. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बस म्हणालं नाही, मीही नाही. त्यांनी जे केलं ते सरळ सांगितलं. "मी 'मागचंच' दाबलो. फकस्त टाइम बदलला. बीस टाकलो होतो साहेब, अल्लाकसम बीस."

मशीनवर नोंद होती ती दोनची.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कोड भिंतीवर मोठा करून दाखवला. बोट ठेवलं — हे बघा, इथं लिहिलंय, किमान वीस. सगळ्यांनी वाचलं. मॅनेजर म्हणाले, "दोन टाकून दाखवा." मी टाकून दाखवलं. पण 'मागचंच'मधून नाही. नेहमीच्या पडद्यावरून, जिथं वॉचमन उभा होता तिथून. पडदा लाल. घेत नाही.

मॅनेजर हुशार होते. म्हणाले, "आणि ते दुसरं बटण?"

मी म्हणाले, "दोन्ही बटणं शेवटी ह्याच मेथडकडे येतात."

हे वाक्य नीट ऐका. ते खरं आहे. त्या खोलीत त्या दिवशी मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. सूचना लिहिलेली होती. दोन नाकारलं गेलं. दोन्ही बटणं त्याच मेथडकडे येत होती. सगळं खरं. मी आदल्या दिवशी हे शब्द ठरवून, घोकून आले होते. कुणी मला पेचात धरलं आणि घाबरून तोंडून निघून गेलं, असं झालं नाही. शांतपणे, एकेक शब्द निवडून मी त्या माणसाला बुडवलं.

रफिकभाई त्या लाल पडद्याकडं बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडं. उलटे-सुलटे करून बघितले त्यांनी हात. आणि म्हणाले, "मंग माझ्याच हातनं कायतरी उलटं-पालटं झालं असंल."

त्यांना काढलं. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

लताबाईला बघायला मी घाटी दवाखान्यात गेले होते. ऑफिसच्या चार लोकांबरोबर, मोसंबी घेऊन. गेले होते, ह्याचीसुद्धा लाज वाटते मला. तिचं अर्धं तोंड पट्टीत होतं. डाव्या हातानं तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमचं मशीन चांगलं व्हतं वो ताई. माणूसच दगा दिऊन गेला. येवढी वर्सं संगं काम केलं, आन् त्याला येक आकडा नीट टाकता आला नाय."

मी तिचा हात थोपटला. मोसंबी सोलून दिली.

पुढच्या आठवड्यात देखभालीच्या नावाखाली मी शेंद्र्याला गेले आणि ती मेथड दुसऱ्या क्लासात हलवली. वाघमारे सरांच्या ओळीसुद्धा परत घातल्या. आता दोन्ही आहेत. त्या टाकीनं त्यानंतर कधी दोन घेतलेलं नाही, कुठल्याच रस्त्यानं. मला कुणी काही विचारलं नाही. टीम माझ्याकडे आली. मी कडक झाले. माझा हात पकडणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांचे हात पकडायला लागले — असंच ना?

इतकंच असतं तर कदाचित हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

ह्या दिवाळीच्या आधी मी सिटी चौकात चपला घ्यायला गेले. गर्दी होती. एका दुकानात शिरले, बाकावर बसले, आवडली ती चप्पल बोटानं दाखवली. "नंबर?" विचारणारा माणूस खाली बसून माझ्या पायातली चप्पल काढत होता. मी म्हणाले, "पाच." त्यानं मान वर केली आणि माळ्याकडं तोंड करून पुकारलं —

"पाच!"

वरून, खोक्यांच्या ढिगातून आवाज आला, "ये तो छे नंबर है! पाच दुसरे में!"

"दुसऱ्यात बघ! पढ के बता!"

"पाच!"

मग त्यानं झेलायला हात वर केले. मी त्याच्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते, पण हात मी ओळखले. पळून जावंसं वाटलं. एक पाय अनवाणी, तो त्यांच्या हातात.

"मॅडम?" त्यांनीही ओळखलं. हसले. तेच हसू, थोडं उशिरा आलेलं. बरं चाललंय म्हणाले, मावसभावाचं दुकान आहे. मशीनच्या कामाला परत गेले नाहीत. घरात कुकरची शिट्टी झाली तरी बाहेर येऊन उभे राहतात, बायको हसते. लताबाईच्या घरी पहिल्या ईदला शीरखुर्मा घेऊन गेले होते. दार उघडलं नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून आले. दुसऱ्या वर्षी परत गेले, तर मुलानं सांगितलं, येऊ नका. "त्याचं बी बरोबर हाये," म्हणाले. "मी असतो तर मी बी नसतं उघडलं."

माझ्या पायात चप्पल चढवत, खालीच बघत, ते हळूच म्हणाले, "मॅडम, एक बात विचारू? राग नका मानू. तुमच्यावर इल्जाम नाय माझा. तुम्ही तर सगळ्यांसमोर करून दाखवलं. मी बी बघितलं, लाल झालं व्हतं. पर मला इत्ते साल झोप लागत नाय. मी बीसच टाकलो व्हतो. बरं, मानलं, बोट चुकलं, दोनच गेलं. पर मग मशीननं दोन घेतलं कसं?"

गर्दी होती. शेजारच्या बाकावर एक मूल रडत होतं. त्यांचा हात माझ्या घोट्यावर होता आणि ते उत्तराची वाट बघत होते. पूर्वी जवाबाची बघायचे, तशीच.

चौकशीत मी खोटं बोलले नव्हते. हे मी अजून कुठंतरी मनाशी धरून होते बहुतेक. आता तेही उरलं नाही.

मी म्हणाले, "काय माहीत, रफिकभाई. मलाही नाही कळलं."

"हौ," ते म्हणाले. बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत राहिले. "तुम्हाला बी नाय कळलं म्हणजे मग माझ्याच हातात काहीतरी खोट असंल." आणि उठून उभे राहिले. मी चप्पल घेतली. ती चांगली निघाली, रोज वापरतेय.

मशीननं दोन घेतलं, रफिकभाई, कारण तुम्ही मागितलेल्या बटणातून गेलेला आकडा कुणीच तपासत नव्हतं. किमान वीस, असं लिहिलेलं होतं, तुम्ही भिंतीवर वाचलं ते खरं होतं, पण त्या रस्त्यावर ते वाचायला कुणी नव्हतं. तुमचं बोट घसरलं. घसरलेलं बोट अडवायचं काम माझ्या कोडाचं होतं. ते अडवलं जात नाहीये, हे मला लताबाई भाजायच्या कितीतरी आधी कळलं होतं. तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.